जर्मनचा तास

आमच्या घरी जर्मन म्हणजे भाताचा टोप. पितळेची भांडी आई सणासुदीला काढायची, एरवीचा सगळा स्वयंपाक जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांत व्हायचा. त्यामुळे आठवीपासून शाळेत जर्मन सुरू होणार, असं आप्पांनी जेवताना सांगितलं तेव्हा आईनं हातातल्या टोपाकडं पाहिलं आणि त्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं विचारलं. आप्पांना हसू आलं नाही. ते त्याच शाळेत मराठी शिकवायचे. एक धड वाक्य लिहिताना निम्मी पोरं घामाघूम होतात हे ते रोज पाहत होते, आणि आता त्याच पोरांच्या माथी आणखी एक भाषा येणार म्हणून त्यांचा घास तोंडातल्या तोंडात फिरत होता. मला मात्र तिथंच उड्या माराव्याशा वाटल्या. कर्जतच्या स्टेशनापलीकडं फारसं काही न पाहिलेल्या मुलीला कुणीतरी एकदम समुद्रापलीकडचं काही शिकवणार होतं. त्या वयात माझ्यावर सक्तीची कामं कमी नव्हती. भांडी, गोठा, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरणं. पण हवीहवीशी वाटलेली सक्ती ही पहिलीच.

ही सगळी कल्पना संस्थेच्या अध्यक्षांची. गाव त्यांना साहेब म्हणायचं. उमेदीची वर्षं त्यांनी जर्मनीत यंत्रांच्या कारखान्यात काढली होती, आणि परत येऊन पळसदरीजवळ वाडवडिलांच्या जमिनीत घर बांधून ते राहिले होते. आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या त्यांनीच बांधून दिल्या. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. खालापूरच्या बाजूला हमरस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहत होते. त्यांतली यंत्रं परदेशातून येत होती. त्या यंत्रांबरोबर येणारी पुस्तकं आपल्या पोरांना वाचता आली तर त्यांना गेटवरून कुणी परत पाठवणार नाही, असा साहेबांचा सरळ विचार होता. विषय ऐच्छिक ठेवला तर कुणी बसणार नाही हेही ते जाणून होते. म्हणून आठवीच्या सगळ्यांना जर्मन, आणि जर्मनमध्ये जो नापास तो नववीत जाणार नाही, असा ठराव झाला. सरकारी नियमात ते बसतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दोन वर्गखोल्या देणाऱ्याला आमच्याकडं असले प्रश्न विचारत नसत.

शिकवायला मंजिरीबाई आल्या पुण्याहून. पंचविशीच्या असतील. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या आमच्या त्या गावात एकट्या बाईनं राहावं अशी दुसरी जागा नव्हती, म्हणून आप्पांनी ओटीलगतची खोली त्यांना दिली आणि जेवणखाण आमच्यातच ठरलं. त्या दिवसापासून आमच्या घरातले सकाळचे आवाज बदलले. फुंकणीचा आवाज, म्हशीच्या साखळीचा आवाज, आणि त्यात बाईंचं मोठ्यानं वाचन. घशाच्या पार तळातून येणारे ते उच्चार ऐकून आईला वाटलं बाईंना सर्दी झालीय, आणि तिनं दोन दिवस त्यांना आल्याचा काढा पाजला. बाईंनी तो निमूट घेतला. कुणी प्रेमानं पुढं केलेलं काही नाकारायचं नाही, असं त्यांचं वागणं होतं. वालाचं बिरडं त्यांना पहिल्या दिवशी कडू लागलं असणार, तरी दुसऱ्यांदा मागून घेतलं. सुकट भाजायची झाली की आई परसात तीन दगड मांडून भाजायची, आणि वास ओटीवर जाऊ नये म्हणून मला वाऱ्याच्या बाजूला फडकं धरून उभं करायची. बाई आतून हसून म्हणायच्या की मला वास येतो आहे आणि माझं काही बिघडत नाही.

पाण्याचा तांब्या हातात दिला की बाई ‘डांकं’ म्हणायच्या, तिकडं प्रत्येक गोष्टीला आभार मानतात म्हणून. मलाही त्यांनी ती सवय लावली. एकदा मी आईला भाकरी वाढल्याबद्दल डांकं म्हणाले आणि अर्थ सांगितला. आईनं तवा उतरवला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, “घरातल्या मानसाचे कसले आभार गं? मी काय पावनी हाय?” मी वरमले. आता वाटतं की आईनं त्या एका वाक्यात परकी भाषा म्हणजे काय ते मला सांगून टाकलं होतं. नुसते शब्द बदलत नाहीत, घरात कोण कुणाचं काय लागतं तेही जरा हलतं. मला मात्र ते हलणंच आवडायचं. जर्मनच्या तासाला मी म्हशीचं शेण काढणारी सुमन नसायचे. मी कोण असायचे ते मलाही ठाऊक नव्हतं, पण ती मुलगी मला फार आवडायची.

आमच्या वर्गात हिरा होती. कोंडाण्याच्या पलीकडच्या डोंगरात एक ठाकरवाडी आहे, ठाकर आदिवासींची वस्ती, तिथून ती रोज दीड तास चालत यायची. वाडीतून आठवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. गणितात वर्गात पहिली, फळ्यावरचं उदाहरण तिचं गुरुजींच्या आधी सुटायचं. पण मराठीच्या तासाला उभी राहिली की तिच्या तोंडून वाडीची बोली बाहेर यायची आणि वर्ग हसायचा. मीही हसायचे. हे लिहिताना आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. आप्पा कधी हसले नाहीत, पण तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करून घ्यायचे, दोनदा, तीनदा. हळूहळू हिरा बोलायचीच बंद झाली. जर्मनच्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसून बाईंच्या ओठांकडं बघत राहायची. तिचेही ओठ हलायचे, आवाज नसायचा. ते पाहून मला वाटायचं, बिचारी किती सोसते आहे. लावणीच्या दिवसांत ती महिनाभर आली नाही, पुढं कापणीलाही तेच. वार्षिक परीक्षेत ती सगळ्या विषयांत पास झाली आणि जर्मनमध्ये राहिली. तिच्यासारखे आणखी पाच जण राहिले. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांची पुन्हा तोंडी परीक्षा घ्यायची ठरली.

बाकी पाच जण पुन्हा आठवीत बसले असते तर फारसं बिघडणार नव्हतं. हिराचं तसं नव्हतं. शाळा उघडली त्याच दिवशी तिच्या बापानं आप्पांना फाटकापाशी गाठून सांगितलं होतं की पोरगी पुढं जात असेल तर जाऊ दे, पण त्याच वर्गात पुन्हा बसायचं असेल तर मला घरी हवी. वाडीतले लोक आधीच त्याला नावं ठेवत होते. आप्पा घरी येऊन हे आईला सांगत होते तेव्हा बाईही तिथंच होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून शाळा सुटली की बाई हिराला आमच्या ओटीवर थांबवून घ्यायला लागल्या. नाव काय, कुठं राहतेस, वडील काय करतात, घरात कोण कोण आहे, असे वीसेक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. बाई तोंडी परीक्षा स्वतःच घेणार होत्या आणि ह्यातलंच विचारणार होत्या. हिरा पुटपुटत उत्तर द्यायची, पण द्यायची. पास होण्यापुरतं येत होतं तिला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी येताना तिनं बाईंसाठी शेवळं आणली. पाऊस पडू लागला की डोंगरात जमिनीतून वर येणारे हे तपकिरी, जांभळट कोंब. त्यांची भाजी म्हणजे आमच्याकडं वर्षातून चारदोनदा मिळणारी चैन. पण शेवळं खाजरी. ती साफ करताना आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि शिजवताना काकडं घालावी लागतात. काकडं म्हणजे रानातलीच छोटी, हिरवी, आंबट फळं. त्यांच्या आंबटपणानं शेवळांची खाज मरते. बाजारातही शेवळांच्या जुडीसोबत काकडं ठेवूनच देतात. हिरानं पळसाच्या पानात शेवळं बांधली होती आणि वेगळ्या पानात मूठभर काकडं. बाईंना द्यायला ते सगळं तिनं माझ्या हातात दिलं. आई तेव्हा घरात नव्हती, मामी बाळंत झाली म्हणून लोधिवलीला माहेरी गेली होती. आणि मला काकडं मीठ लावून खायला फार आवडायची. संध्याकाळी ओटीवर बसून मी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि पान रिकामं कधी झालं ते कळलं नाही. भाजीत चिंच घालू, आंबट ते आंबट, असा मी मनाशी निवाडा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयुष्यातली पहिली भाजी केली. आप्पा पहाटेच शेतावर जाऊन तिथून परस्पर शाळेत जाणार होते. शेवळं आई कशी साफ करते ते मी दहा वेळा पाहिलं होतं, म्हणजे तिच्या शेजारी बसले होते. पिवळा भाग काढायचा हे मला माहीत होतं, पण कुठवरचा काढायचा हे माहीत नव्हतं. वाल घातले, खोबरं घातलं, चिंचेचा कोळ घातला. दहा वाजता बाई जेवायला बसल्या. मी सगळी भाजी प्रेमानं त्यांच्याच ताटात वाढली आणि टोपाला लागलेली स्वतःसाठी ठेवली. पहिल्या घासालाच माझ्या घशात कुसळं टोचल्यासारखं झालं आणि मी ताक प्यायले. बाई मात्र जेवत होत्या. मी विचारलं, कशी झालीय? छान आहे, म्हणाल्या. त्यांना वाटलं, इकडची ही भाजी अशीच लागत असणार. डोळ्यांत पाणी आलं तरी ताट स्वच्छ करून उठल्या. अकराच्या सुमाराला त्यांचे ओठ सुजले, घसा धरला, आणि शाळेच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

आठवीच्या वर्गात साहेब येऊन बसले होते. वर्षभराचं फळ बघायला ते मुद्दाम आले होते. शेजारी आप्पा आणि शाळेचे क्लार्क. बाईंचं काय झालं ते सांगायला मला आत बोलावलं. शेवळं खाल्ली, एवढंच मी सांगितलं. कुणी दिली, असं क्लार्कनी विचारलं आणि मी काही बोलायच्या आत समोर बसलेल्या सहा जणांकडं पाहून त्यांनी स्वतःच उत्तर दिलं की वाडीवरची मुलगी काल पुडी घेऊन येताना मी पाहिली. आज परीक्षा आणि कालच भाजी, असंही ते म्हणाले. साहेबांनी हिराकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, हरकत नाही, परीक्षा मी घेतो.

साहेबांची जर्मन बाईंच्या जर्मनसारखी नव्हती. ती भरभर होती, मधूनच गिळल्यासारखी, तिथं राहून आलेल्या माणसाची. पहिले पाच जण अडखळत का होईना, काहीतरी बोलले. हिरा उभी राहिली. साहेबांनी काहीतरी विचारलं. ती त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून घशाला ओला रुमाल लावून होत्या, त्यांनी हातानं खूण केली, बोल, बोल. हिराचे ओठ हलले आणि थांबले. मी दाराशी उभी होते. मला उत्तर माहीत होतं, आणि दुसरंही एक माहीत होतं, आणि मी गप्प होते. साहेब चिडले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, टोपण लावलं आणि आप्पांना म्हणाले, “शिकायचं नसेल तर तसं सांगावं. बाईंच्या घशाशी खेळ कशाला?”

हिरा रडली नाही. तिनं दप्तर उचललं. ती आता निघून जाणार आणि पुन्हा येणार नाही, हे मला इतकं स्वच्छ दिसलं की माझे पाय आपोआप वर्गात आले. मी साहेबांना म्हणाले, “काकडं तिनं दिली होती. मी खाल्ली.”

काकडं म्हणजे काय, हे साहेबांना माहीत नव्हतं. लहानपणीच मुंबईला गेलेला माणूस, तिथून परदेशी. त्यांनी हिरालाच विचारलं. आणि वर्षभरात आम्ही ऐकलं नव्हतं तेवढं हिरा त्या पाच मिनिटांत बोलली, तिच्या वाडीच्या बोलीत, न थांबता. शेवळं कुठल्या झाडांखाली येतात, कुठली घ्यायची, कुठली सोडायची, पिवळं कुठवर खुडायचं, काकडं ठेचून का घालायची. ती हात हलवून सांगत होती. साहेबांना निम्मं कळलं, ते आप्पांकडं वळले. आप्पांनाही दोन शब्द तिला विचारून घ्यावे लागले. मराठीच्या शिक्षकांना. आप्पांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी विसरलेले नाही. ते उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, ही शाळेत आली तेव्हाच हिनं एक परकी भाषा शिकायला घेतली. माझी. त्यात तिला अजून दम लागतोय. त्यावर इंग्रजी, त्यावर ही. निवड तरी पोरांवर सोडू या.”

साहेबांनी मघाचा कागद फाडला. हिरा नववीत गेली, सहाही जण गेले, आणि जर्मन ज्याला हवी त्याला, असा नवा ठराव झाला. वर्गात कागद वाटले गेले, हो किंवा नाही लिहायचं. सात जणांनी हो लिहिलं. सात मुलांसाठी बाई ठेवणं संस्थेला जमेना आणि दिवाळीच्या आधी मंजिरीबाई त्यांची ट्रंक घेऊन पुण्याला परत गेल्या. जाताना माझा मुका घेतला. भाजीबद्दल त्या मला कधीही काही बोलल्या नाहीत. हिरा शाळेत राहिली याचा मला तेव्हा आनंद झाला नाही, हे खरं आहे ते लिहिते. मला वाटत होतं की मी खरं बोलले आणि माझंच जे होतं ते गेलं. मी आप्पांशी महिनाभर धड बोलले नाही. त्यांनी एकदा समजूत घालायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. जर्मन मला पुढं कधीच शिकता आली नाही. आधी नोकरी, मग संसार, मग वाटलं आता कशाला.

राग गेला, आणि त्याची जागा कधीतरी अभिमानानं घेतली. एका मुलीसाठी आप्पांनी साहेबांसमोर उभं राहावं आणि त्याला निमित्त मी व्हावं, ही गोष्ट मी मुलांना सांगितली, सुनांना सांगितली. परकी भाषा शाळेत सक्तीची करू नये, या बाजूनं कुठं बोलणं निघालं की ती माझी हुकमी गोष्ट होती. यंदा नातीच्या शाळेनं पालकांना विचारलं, सहावीपासून एक परदेशी भाषा सगळ्यांना असावी का. सुनेनं मला विचारलं. मी तिला तीच गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी कौतुकानं ती सांगायला हिराकडं गेले. हिरा आरोग्य केंद्रात नर्स होती, निवृत्त होऊन कर्जतला मुलाकडं राहते. दवाखान्यात ती पुस्तकातलं मराठी बोलायची, माझ्याशी मात्र जुनंच बोलते. तिनं चहा केला. मी सगळं सांगितलं, साहेब, कागद, आप्पांचं वाक्य. मग तिनं विचारलं, “ते हो-नायचे कागद वाटले तवा मी कुठं व्हते, आठवतं का तुला?”

मला आठवेना. वर्गातच असणार, म्हटलं.

“वर्गातच व्हते. आप्पासर माज्या बाकापाशी आले, माज्या डोक्यावर हात ठेवला, आन् कागद न देता पुढं गेले. त्यांना वाटलं, हिची सुटका झाली.” तिच्या आवाजात राग नव्हता. “साहेबांच्या म्होरं मी भ्याले, ते खरं. पन मला ती भाषा नको व्हती, असं तुला कोनी सांगितलं?”

मी म्हटलं, तू कधी बोलायचीच नाहीस गं त्या तासाला. तुझे नुसते ओठ हलायचे.

“घरी जाताना डोंगर चढू लागले की मोठ्यानं बोलायचे मी. सगळं पाठ व्हतं.” तिनं माझ्या पुढ्यातली बशी सरळ केली. “मराठीच्या तासाला मी तोंड उघडलं की तुमी हसायच्या. जर्मनच्या तासाला कोनालाच काय येत नव्हतं. तू मास्तरांची पोर, मी वाडीवरची, सगळ्या सारख्याच अडानी. तेवढ्या एका तासासाठी मी डोंगर उतरून यायचे, सुमन.”